संयुक्त ई-पुस्तकाची अनुक्रमणिका
अनेक ई-पुस्तके जोडून एकच संच सिद्ध करता येतो. परंतु त्याची अनुक्रमणिका दुव्यांनी युक्त नसल्यास इष्ट प्रकरण गाठणे दुष्कर होते. ईपब २ मध्ये ही अनुक्रमणिका ‘एनसीएक्स’ फाइलमध्ये असते. ही रचना मूलतः दृष्टिहीनांसाठीच्या ‘डेझी’ बोलक्या पुस्तकांतून आली. २०११ च्या ईपब ३ मध्ये तिची जागा एक्सएचटीएमएल स्वरूपातील अनुक्रमणिकेने घेतली.

संचात ग्रंथनामे प्रथम स्तरावर व प्रकरणे द्वितीय स्तरावर ठेवावीत. निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणांच्या फाइलींची नावे अनेकदा सारखीच असतात. ती आधी बदलून दुवेही तदनुसार सुधारावेत. अन्यथा दुवा भलत्याच ग्रंथात पोहोचतो. डोळस वाचक पाने चाळून मार्ग काढू शकतो. दृष्टिहीन वाचकाची भिस्त मात्र प्रामुख्याने अनुक्रमणिकेवरच असते.