फ्लू, वय आणि जन्मसाल

इन्फ्लुएंझाच्या विषाणूचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. डी मुख्यतः गुराढोरांत आढळतो. सी बहुतेकांना लहानपणीच गाठतो आणि सहसा सर्दी-पडशावर भागते. दरवर्षीच्या साथी येतात त्या ए आणि बी यांच्या.

बी प्रकार ए प्रकारापेक्षा सावकाश बदलतो. त्यामुळे वाढत्या वयाबरोबर त्याची ओळख पक्की होत जाते आणि शाळकरी मुले त्याच्या तावडीत अधिक सापडतात. त्याच्या दोन शाखांपैकी यामागाता शाखा मार्च 2020 नंतर खात्रीलायकपणे कुठेच आढळलेली नाही. उरलेल्या व्हिक्टोरिया शाखेचा ओढा मुलांकडेच जास्त.

ए प्रकाराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. त्याच्या एच3एन2 या उपप्रकाराच्या हंगामात वृद्धांचे मृत्यू वाढतात. एच1एन1 या दुसऱ्या उपप्रकाराच्या हंगामात तरुण आणि मध्यमवयीन माणसे तुलनेने अधिक आजारी पडतात. वय झाले की प्रतिकारशक्ती मंदावते, हे खरेच. पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही, कारण थकलेल्या शरीराला दोन्ही विषाणू सारखेच जड जायला हवेत. उत्तराचा मोठा भाग जन्मसालात आहे.

बालपणी ज्या फ्लूशी पहिली गाठ पडते, त्याची आठवण प्रतिकारयंत्रणा आयुष्यभर जपते. अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी 1960 मध्ये हा विचार ठळकपणे मांडला. 1918 ते 1957 माणसांत एच1एन1 फिरत होता, नंतर 1968 पर्यंत एच2एन2, आणि त्यापुढे एच3एन2. म्हणजे आजच्या सत्तरी ओलांडलेल्यांची पहिली ओळख एच1 शी झालेली, एच3 त्यांना पुढे केव्हातरी भेटला. 1977 मध्ये एच1एन1 परतला, तेव्हा तो 1950 च्या सुमारास फिरणाऱ्या विषाणूशी कमालीचा मिळताजुळता होता आणि आजारी पडली ती मुख्यतः पंचविशीच्या आतली पिढी.

2009 चा स्वाइन फ्लू पुणेकरांना विसरता येणार नाही. त्या ऑगस्टमध्ये भारतातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही एका शाळकरी मुलीचा. जगभर साठीच्या पुढच्यांना या एच1एन1 ची लागण कमी झाली, कारण त्यांच्यापैकी अनेकांकडे जुन्या नात्यातली प्रतिपिंडे होती. मात्र ज्या वृद्धांना लागण झाली, त्यांच्यात मृत्यूचा धोका मोठाच राहिला.

पक्ष्यांकडून आलेल्या विषाणूंतही हाच धागा दिसतो. एच5एन1 ने तरुणांना, तर एच7एन9 ने वयस्कांना अधिक ग्रासले. एच5 हा एच1 आणि एच2 च्या गटातला, एच7 हा एच3 च्या गटातला. आणि 2016 च्या एका अभ्यासात दोन्हींमधली सीमारेषा 1968 या जन्मसालाजवळ आली.

1918 च्या फ्लूच्या साथीचे कोडे मात्र पूर्ण सुटलेले नाही. जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेल्या त्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली, आणि 20 ते 40 वयाची, संसार ओढणारी माणसे त्यांत फार होती. त्यांच्या बालपणी वेगळ्याच गटातला विषाणू फिरत असावा, असा एक तर्क आहे. फुप्फुसात नंतर होणारा जिवाणूंचा संसर्ग आणि दुष्काळी उपासमार यांचाही त्या मृत्यूंत मोठा वाटा होता.

तान्ह्या बाळांकडे अशी कोणतीच आठवण नसते, म्हणून त्यांना प्रत्येक प्रकार नवा. सहा महिन्यांच्या आत त्यांना फ्लूची लस देता येत नाही. गरोदरपणी आईने लस घेतली, तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात आणि पहिले काही महिने त्याला राखतात.