सर्टिफिकेट म्हणजे सहाचं दान नव्हे

लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. हा नियम आपण लहानपणापासून निमूट पाळत आलो. पण हिशेब करून बघा. १० वेळा फासा टाकूनही सहा न पडण्याची शक्यता १०० मध्ये १६ आहे. म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक बिचारं १० पाळ्या दुसऱ्यांचा खेळ बघत बसतं. ‘एक पडला तरी सोंगटी काढा’ अशी सूट दिली, की हीच शक्यता १०० मध्ये २ च्याही खाली येते. रडारड थांबते, पण सहाची ती धाकधूकही विरते. मग कोणता नियम ठेवायचा? ते ठरवणं, चार जणांना खेळायला बसवून पारखणं आणि फसलं तर बदलणं, हे गेम डिझाइन.

माझ्या भाच्याने बारावीनंतर एका संस्थेचं माहितीपत्रक आणलं, त्यात यातलं काहीच नव्हतं. आग ओकणारा ड्रॅगन होता, तीन सॉफ्टवेअरची नावं होती आणि फीचे हप्ते होते. पहिला घोळ इथेच होतो. ड्रॅगन घडवतो तो आर्टिस्ट, त्याला हलवणारा कोड लिहितो तो प्रोग्रॅमर. तो ड्रॅगन कितव्या लेव्हलला यावा आणि किती फटक्यांत मरावा, हे डिझायनर ठरवतो. छोट्या टीममध्ये एकच माणूस तिन्ही कामं ओढतो हे खरं, पण ‘गेम डिझाइन’ म्हणून फी भरायची आणि वर्षभर थ्रीडी मॉडेलिंग शिकायचं, ही फसगतच.

‘सॉफ्टवेअर महागडं असतं, म्हणून क्लास लावावाच लागतो’ हेही खरं नाही. गेम बनवायचं गोडो हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाची कमाई २ लाख डॉलरच्या आत असेपर्यंत फुकट वापरता येते. अनरियल तर एका गेमने १० लाख डॉलर कमावेपर्यंत हिस्साच मागत नाही. (तितके कमावलेत, तर द्या की!) हार्वर्डचा गेम डेव्हलपमेंटचा ऑनलाइन कोर्स एडएक्सवर फुकट करता येतो. पैसे पडतात ते एडएक्सचं पडताळणी केलेलं सर्टिफिकेट हवं असेल तर. त्या कोर्सला थोडं प्रोग्रॅमिंग मात्र आधी यावं लागतं.

मग कागदाला किंमत किती? स्टुडिओत डिझायनर घेताना आधी बघतात पोर्टफोलिओ: खेळता येईल असं काहीतरी, आणि त्यात कोणता निर्णय का घेतला याची टिपणं. पुष्कळ ठिकाणी वर एखादी डिझाइन टेस्टही देतात. त्यात सर्टिफिकेट जोडायला जागा नसते. दुसरीकडे, सर्टिफिकेटला पदवी समजून चालणंही महागात पडतं. आपल्याकडे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तसा हक्क दिलेल्या संस्थांनाच आहे. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, तिथे सहा महिन्यांचा कागद उपयोगाचा नाही. परदेशी जायचं डोक्यात असेल, तर आधी पदवी.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ वाचलं की मी एकच प्रश्न विचारतो: कोणत्या पदावर? टेस्टरच्या जागाही त्यात मोजल्या जातात. टेस्टिंग हलकं काम नाही, त्या दारातून आत शिरून पुढे डिझायनर झालेले आहेत. पण मग जाहिरातीत तसं लिहावं. आकडे कोणत्या सालचे, हेही विचारा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि त्या कंपन्यांतल्या नोकऱ्यांचं चित्रच बदललं. त्याआधीच्या पगारांवर बेतलेली जाहिरात शिळी आहे.

याचं दुसरं टोकही तितकंच फसवं: ‘सगळं आपलं आपण शिकता येतं.’ त्यासाठी ‘स्टारड्यू व्हॅली’ एकट्याने करणाऱ्या एरिक बॅरोनचं नाव घेतात. त्याच्याकडे कॉम्प्युटर सायन्सची पदवी होती आणि २०१६ मध्ये गेम येईपर्यंत साडेचार वर्षं गेली, हे सांगायचं राहून जातं. सुरू केलेलं अर्धवट सोडायची सवय असेल, किंवा आयटीतली नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकायचं असेल, तर तारखा पाळायला लावणारा आणि ‘हे कंटाळवाणं आहे’ असं तोंडावर सांगणारा शिक्षक फीच्या लायकीचा असतो. म्हणून पैसे भरण्याआधी जुन्या विद्यार्थ्यांचे गेम मागा आणि स्वतः खेळा. दाखवायला एकही नसेल, तर उठून या.

जानेवारीत ग्लोबल गेम जॅम असतो. अनोळखी लोकांबरोबर ४८ तासांत एक गेम उभा करायचा. या कामात आपला जीव रमतो की नाही, ते दोन दिवसांत कळतं.

भाच्याने अजून फी भरलेली नाही. गोडोवर लुडो केलाय, एकावरही सोंगटी निघणारा. परवा त्याने आजीला खेळायला बसवलं. तिसऱ्या पाळीला ती म्हणाली, “अरे, आता कुणाची पाळी, मला कळतच नाहीये.” तो काही समजावायला गेला नाही. वही उघडून त्याने ते लिहून घेतलं.