मोती खातो भरपूर, तरी वाळतो का?

गेल्या पावसाळ्यात अंबरनाथचे एक जुने पेशंट रक्तदाब तपासायला आले. औषधे लिहून झाली तरी उठेनात. मग संकोचाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रागावू नका, आमच्या मोतीचं विचारायचं होतं."

मोती म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा अल्सेशियन कुत्रा. दोन माणसांचे जेवण फस्त करतो, पण बरगड्या मोजून घ्याव्यात. दिवसातून पाच-सहा वेळा फिकट, तेलकट, दुर्गंधीयुक्त शी. जंताचे औषध तीनदा देऊन झाले. शेजारी तर "सोडून द्या कुठेतरी" म्हणू लागले होते.

मी माणसांचा डॉक्टर. पण लक्षणे ऐकून मला स्वादुपिंडाची आठवण झाली.

वाचकहो, जठराजवळ असणारी ही ग्रंथी माणसात, कुत्र्यात आणि मांजरात जवळजवळ सारखेच काम करते. ती इन्सुलिन रक्तात सोडते आणि पाचक रस आतड्यात पाठवते. इन्सुलिनचे ज्ञान आपल्याला कुत्र्यांमुळेच झाले. १८८९ साली मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनीही कुत्र्यांवरच प्रयोग केले. आपल्या घरोघरच्या मधुमेह्यांवर या मुक्या प्राण्याचे असे उपकार आहेत.

आता पाचक रसाकडे वळू. हा रस फारच कमी पडला, तर खाल्लेले अन्न न पचताच बाहेर पडते. पोट भरते, पण अंगी लागत नाही. अल्सेशियन जातीत हा रस तयार करणाऱ्या पेशी तरुणपणीच झिजण्याचा दोष पुष्कळदा आढळतो. सुमारे ९० टक्के क्षमता गेल्यावरच लक्षणे दिसतात. रक्ताच्या एका खास तपासणीने निदान होते. उपचार म्हणजे पाचक द्रव्यांची भुकटी प्रत्येक जेवणात कालवून देणे. बहुतेकांना ती जन्मभर लागते. अनेकांना ब-१२ जीवनसत्त्वही द्यावे लागते.

दुसरा आजार म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. यात पाचक रस ग्रंथीतच कार्यरत होऊन तिलाच इजा करतो. कुत्रा वारंवार ओकतो, खात नाही, पोटाला हात लावू देत नाही. कधी पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग उंच धरतो. कारण प्रत्येक वेळी सापडत नाही. मात्र लठ्ठ कुत्र्यांत आणि एकदम तुपकट खाण्यानंतर हा धोका अधिक असतो. म्हणून दिवाळीची उरलेली चकली, पुरी, मटणाची चरबी प्रेमाने त्याच्या पुढे टाकू नका. सलाईन, वेदनाशामके आणि उलटी थांबवणारी औषधे वेळेवर मिळाली, तर पुष्कळ कुत्री बरी होतात. उशीर झाल्यास जीवही जाऊ शकतो.

मांजराचे दुखणे ओळखणे अवघड. त्याला उलटी होईलच असे नाही. ते नुसते कोपऱ्यात बसते, खाणे सोडते. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते. त्यामुळे "भूक लागली की खाईल" असे म्हणून वाट पाहू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरातली माणसांची औषधे प्राण्यांना देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्यालाही घातक आहे. जवळच्या पशुवैद्यकाकडे जा. मोठ्या तपासण्या लागल्या, तर परळचे बैलघोड्याचे हॉस्पिटल आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. जाताना काय खाल्ले, किती वेळा ओकला, शी कशी होती, हे कागदावर लिहून न्या. प्राण्याला बोलता येत नाही, म्हणून ही माहिती मोलाची.

मोतीला मी पशुवैद्यकाकडे पाठवले. रक्ताच्या तपासणीत पाचक रसाची कमतरताच निघाली. परवा मालक पुन्हा रक्तदाबासाठी आले. भुकटीचा खर्च दर महिन्याला जड जातो, असे म्हणाले. मग स्वतःच हसून म्हणाले, "पण आता बरगड्या मोजता येत नाहीत."