बद्धकोष्ठता : वयाचा दोष की शरीराची सूचना?

'पोट साफ झाले का?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी सकाळी वडीलधाऱ्यांना विचारला जातो. उत्तर नकारार्थी आले की 'वयच झाले आता' असे म्हणून विषय संपतो. वास्तविक तेथूनच विचाराला सुरुवात व्हावयास हवी.

आपण खाल्लेला घास जठरात आम्ल व पाचकरसांसह घुसळला जातो आणि सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात येतो. तेथे पित्त व स्वादुपिंडाचा रस यांच्या साहाय्याने पचन पूर्ण होऊन पोषकद्रव्ये रक्तात शोषली जातात. उरलेला चोथा सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो. तेथे त्यातील पाणी शोषले जाते. चोथा जितका अधिक काळ रेंगाळतो, तितका मल कोरडा व कठीण होतो.

उतारवयात हा मुक्काम लांबण्याची कारणे अनेक आहेत. तहान मंदावते, रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायले जाते. दातांअभावी भाकरी, भाज्या व फळे मागे पडतात. गुडघेदुखीमुळे चालणे घटते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके, रक्तदाबावरील काही औषधे यांनीही मलावरोध होतो. थायरॉईडची कमतरता व मधुमेह हीदेखील कारणे असू शकतात. म्हणून सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या गुदाशयात कठीण मलाचा गोळा अडकला, तर त्याच्या कडेने पातळ मल झिरपू लागतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात व जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते. त्यामुळे अडथळा वाढतो. अनेक दिवस शौचास न झाल्यानंतर अचानक पातळ मल येऊ लागल्यास आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

रोज शौचास झालेच पाहिजे, असा नियम नाही. दिवसातून ३ वेळांपासून आठवड्यातून ३ वेळांपर्यंतचे प्रमाण स्वाभाविक मानले जाते. न्याहारीनंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. ती वेळ शौचासाठी राखून ठेवावी. कमोडवर बसताना पायांखाली लहान पाट घ्यावा. आहारात पालेभाज्या, पपई, मऊ शिजवलेली कडधान्ये असावीत. इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावे. गिळण्यास त्रास असणाऱ्यांनी ते घेऊ नये. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

मलातून रक्त जाणे, डांबरासारखा काळा मल, अकारण वजन घटणे, रक्तक्षय किंवा शौचाच्या सवयीत नव्याने झालेला बदल ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, पण हा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. पोट फुगून उलट्या होत असतील व वायूही सरत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

औषधांइतकाच संकोचाचाही विचार व्हावा. शौचालयापर्यंत नेण्यास दुसऱ्याला हाक मारावी लागते, या लाजेने अनेक वृद्ध वेग दाबून धरतात. त्यांनी मागण्याआधी, ठरलेल्या वेळी, आपण शांतपणे आधाराचा हात पुढे केला, तर निम्मा उपचार तेथेच होतो.