पिशवी काढण्याआधी आणि काढल्यानंतर

‘पाळीचा त्रास आहे ना? मग पिशवीच काढून टाका,’ हा सल्ला आपल्या कष्टकरी भगिनींना फार लवकर मिळतो. राज्य शासनाच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालाम सुत्तातील शिकवण दवाखान्यातही उपयोगी आहे.

नुसते पांढरे पाणी जाते म्हणून गर्भाशय काढत नाहीत. जास्त रक्तस्राव आणि अनेक गाठींवर गोळ्या, हार्मोनची तांबी किंवा फक्त गाठ काढणे, असे उपाय असू शकतात. कॅन्सर, किंवा इतर उपायांनी न थांबणारा त्रास असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये.

शस्त्रक्रियेच्या मुख्य पद्धती तीन आहेत.

पोटावरून : पोटावर मोठा छेद घेतात. गर्भाशय खूप मोठे असल्यास किंवा काही कॅन्सरमध्ये ही पद्धत लागते. दवाखान्यात जास्त दिवस राहावे लागते. सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात.

खालून, म्हणजे योनीमार्गे : पोटावर छेद नसतो. अंग बाहेर येत असेल तर बहुधा हीच पद्धत वापरतात. शक्य असेल तेथे हिला प्राधान्य द्यावे, असे तज्ज्ञ मानतात.

दुर्बिणीतून : तीन-चार लहान छिद्रे पाडतात. वेदना कमी होतात आणि घरी लवकर जाता येते. पण वेळ जास्त लागतो, आणि मूत्रमार्गाला इजा होण्याचा धोका थोडा अधिक असतो.

शेवटच्या दोन पद्धतींत हलकी कामे तीन-चार आठवड्यांत सुरू करता येतात. पण पोटावर टाके दिसत नाहीत म्हणजे आतले टाके भरले असे नव्हे. तिन्ही पद्धतींत सुमारे सहा आठवडे पाण्याची कळशी, धान्याचे पोते, मोळी उचलू नये. डॉक्टर तपासून सांगेपर्यंत शरीरसंबंधही टाळावा. मात्र पडून राहू नये. दुसऱ्या दिवसापासून थोडे चालावे, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो.

ताप, जास्त रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, सतत लघवी गळणे, पोटरीला सूज किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी चार प्रश्न विचारा : दुसरा उपाय आहे का? कोणत्या पद्धतीने काढणार, आणि तीच का? अंडाशय ठेवणार का? कामावर कधी जाता येईल? निरोगी अंडाशय कमी वयात काढल्यास हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. घाई नसेल तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या.

आणि घरातील पुरुषांनो, ते सहा आठवडे पाणी तुम्ही भरा. समतेची सुरुवात घरातूनच होते.

जय भीम!