छायाचित्र सुधारण्याचें आणखी एक सॉफ्टवेअर घ्यावें काय ?

डाळिंबाचा माल बाजारांत येऊं लागला म्हणजे आमच्या परिचयाच्या बागाईतदारांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. हातांतील फोनवर फळांचीं छायाचित्रें काढून तीं दूरच्या खरेदीदारास पाठवावयाचीं असतात, आणि तीं मनासारखीं उतरत नाहींत. छायाचित्र सुधारण्याचीं एक-दोन साधनें फोनमध्यें असतातच. तरी कोणीतरी सांगितलेलें असतें कीं, अमुक सॉफ्टवेअर घेतलें म्हणजे माल कसा उठून दिसतो तें पाहा. त्याची वर्गणी दरमहा किंवा दरसाल भरावी लागते. तेव्हां तें घ्यावें कीं न घ्यावें ? वरवर पाहणारास हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या छायाचित्रावर आज मालाचा भाव ठरतो, रोगाचें निदान होतें आणि पिकाची सरकारी नोंदहि होते, त्यास कोणत्या वेळीं किती हात लावावा व कोणत्या वेळीं मुळींच लावूं नये, हें शेतकऱ्यानें स्वतः ठरविणें अवश्य झालें आहे.

आमचाच अनुभव प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वी आम्हीं असेंच एक सॉफ्टवेअर वर्षाची वर्गणी भरून घेतलें. डाळिंबाच्या छायाचित्रांत तांबडा रंग थोडा वाढविला. तें पाहावयास इतकें बरें वाटलें कीं आणखी थोडा वाढविला. परगांवच्या व्यापाऱ्यानें छायाचित्र पाहून भाव कबूल केला. माल पोंचला, पेट्या उघडल्या. फळ वाईट नव्हतें. आकार, वजन, गोडी यांत नांव ठेवण्यास जागा नव्हती. पण छायाचित्रांतील फळ तें नव्हतें. व्यापाऱ्यानें भाव पाडला, आणि आम्हांस त्यावर एक शब्दहि बोलतां येईना. दोष त्याचा नव्हता, सॉफ्टवेअरचाहि नव्हता. पुढें दोन हंगाम आम्हीं पाठविलेल्या प्रत्येक छायाचित्रावर त्याचा निरोप येई : ‘खरा रंग दाखवा.’ वर्गणीचे पैसे फुकट गेले, ही त्या मानानें लहान गोष्ट होती.

तेव्हांपासून कोणीं हा प्रश्न विचारला कीं आम्ही उलट विचारतों, छायाचित्र कशासाठीं काढावयाचें आहे ?

पुराव्यासाठीं काढावयाचें असेल तर विचार तेथेंच संपतो. महाराष्ट्रांत २०२१ सालीं ई-पीक पाहणी सर्वत्र सुरू झाली. तिच्यांत पिकाचें छायाचित्र शेतांत उभें राहून त्या अ‍ॅपमधूनच घ्यावें लागतें. घरीं आणून सजविण्याची तेथें सोयच नाहीं, आणि तें योग्यच आहे. गारपिटीनें पडलेली केळी, पुरानें खरवडलेलें वावर, रानडुकरांनीं लोळविलेला मका यांचीं जीं छायाचित्रें आपण स्वतःहून काढून ठेवितों, त्यांसहि हाच नियम लावावा. छायाचित्राच्या फाइलीच्या पोटांत तें केव्हां काढलें याची, व फोनमध्यें ती सोय चालू असल्यास कोठें काढलें याचीहि नोंद असते. सुधारलेल्या प्रतींत ही नोंद कधीं बदलते, कधीं नाहींशी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर छायाचित्र नेहमींच्या रीतीनें पाठविलें तर तें लहान केलें जातें व ही नोंदहि गळून पडते; तेंच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविलें तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पंचनाम्याच्या वेळीं उजेड थोडा वाढविला एवढेंच जरी आपण केलें असलें, तरी ‘यांत फेरफार झाला आहे’ असें म्हणणारास आपण आयतें निमित्त देतों. नुकसान खरें आणि छायाचित्र मात्र संशयास्पद, अशी स्थिति आपल्याच हातानें कशाला आणावी ?

रोगनिदानाच्या छायाचित्राची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि शेतकऱ्याचें सर्वांत अधिक नुकसान येथेंच होतें असें आमचें मत आहे. पिवळें पडलेलें पान तज्ञास दाखवावयाचें म्हणून आपण छायाचित्र काढतों, आणि नीट दिसावें म्हणून त्याचे रंग गडद करतों. परंतु तज्ञ पाहतो तो नेमका तो पिवळेपणाच. नत्राची उणीव असेल तर जुनीं, खालचीं पानें प्रथम सबंध पिवळीं पडतात. लोहाची असेल तर शेंड्याकडील कोंवळीं पानें पिवळीं होतात व त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. मॅग्नेशियमची असेल तर शिरांमधील तसाच पिवळेपणा जुन्या पानांवर येतो. आतां ह्या छायाचित्रांत हिरवा रंग वाढविला म्हणजे काय होतें ? फिकें पान पोपटी दिसूं लागतें, शीर आणि शिरांमधील भाग यांतला भेद बुजतो, आणि पाहणारा बिचारा जें दिसतें त्यावरून सल्ला देतो. शेतकरी मग म्हणतो कीं तज्ञास कांहीं समजत नाहीं !

डाळिंबावरील तेल्याचेंहि तसेंच आहे. त्या डागाची ओळख त्याच्या काळेपणांत नाहीं. डागाभोंवतालच्या ओलसर, तेलकट कडेंत आहे. उजेड-छायेतील अंतर वाढविण्याची खूण सरकविली कीं ती कडा काळोखांत बुडते आणि डाग साध्या बुरशीचा वाटतो. तेल्या हा जिवाणूंचा रोग. केवळ बुरशीवर चालणारें औषध त्यावर फवारलें तर पैसा जातो आणि, पैशाहून मोलाचे, रोग पसरण्याचे दिवस जातात. 

अशा कामीं सॉफ्टवेअर वाढविण्याऐवजीं छायाचित्रांची संख्या वाढवावी. एक सबंध झाडाचें, एक फांदीचें, एक पानाचें. म्हणजे पान जुनें कीं कोंवळें हें कळतें. पानाच्या दोन्ही बाजू दाखवाव्या, कारण द्राक्षावरील केवड्याचे तेलकट पिवळे ठिपके वरच्या बाजूस असतात व पांढरी बुरशी खालच्या बाजूस. पानाशेजारीं पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि मोजपट्टी ठेवावी. कागदामुळें पाहणारास खरा रंग किती बदलला आहे याचा अंदाज येतो, पट्टीमुळें डागाचें माप कळतें. ह्या दोन वस्तूंचें काम करील असें सॉफ्टवेअर आम्हांस अद्याप दिसलें नाहीं. 

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. कोणतेंहि नवें साधन आपण घेतलें नाहीं तरी हल्लींचे फोन छायाचित्र काढतांनाच त्यांत स्वतःहून सुधारणा करतात; आकाश निळें करतात, पालवी हिरवी करतात, सावली उजळतात. ज्या फोनांत असा आपोआप रंग खुलविण्याचा पर्याय बंद करतां येतो, त्यांत तो रोगाचें छायाचित्र काढतांना बंद करावा. म्हणजे ‘आपल्याकडे सॉफ्टवेअर नाहीं’ असें समजणाऱ्याच्या खिशांतहि तें अगोदरच बसलेलें असतें.

आतां विक्रीचें छायाचित्र. येथें सुधारणेस जागा आहे हें आम्ही मान्य करतों. तिरपें आलेलें चित्र सरळ करणें, कडेचा पसारा छाटणें, अंधुक असेल तर उजेड वाढविणें, आणि प्रकाशामुळें आलेली रंगाची झाक काढणें, हीं चार कामें न्याय्य आहेत. शेवटचें काम विशेष महत्त्वाचें आहे. हिरव्या शेडनेटखालीं ठेविलेल्या मालावर हिरवी झाक येते, निळ्या ताडपत्रीच्या आडोशाला निळी. हीं चारहि कामें करणारें स्नॅपसीडसारखें साधन फोनवर विनामूल्य मिळतें. ह्यापुढें जाऊन डाग पुसणें, दोन फळांचीं चार करणें, वावरांतलें तण नाहींसें करणें, हेंहि नव्या सॉफ्टवेअरांत बोटाच्या एका स्पर्शानें होऊं लागलें आहे. त्यास सुधारणा म्हणावें असें आम्हांस वाटत नाहीं. आमची कसोटी साधी आहे : एका हातांत फळ धरावें, दुसऱ्या हातांत फोन, आणि दिवसाच्या उजेडांत दोन्ही शेजारीं पाहावीं. दोन्ही एक दिसलीं कीं बोट थांबवावें. 

आणि खरें सांगावयाचें तर ह्या चार कामांचीहि गरज बहुधा आपल्या आळसामुळें पडते. फोन सदऱ्याच्या खिशांत असतो; त्याच्या भिंगावर घाम, माती, फवाऱ्याचे उडालेले थेंब बसतात, आणि मग सगळीं छायाचित्रें धुक्यांत काढल्यासारखीं येतात. तें भिंग मऊ सुती कापडानें पुसण्यास कांहीं वर्गणी पडत नाहीं. भर दुपारीं उघड्यावर काढलेल्या द्राक्षाच्या घडांत एक बाजू पांढरीफटक व दुसरी काळी येते. तोच घड सकाळीं, किंवा दुपारीं पांढऱ्या धोतराची सावली धरून काढला तर मणी आणि त्यावरची लव दोन्ही दिसतात. दुरून बोटांनीं ओढून मोठें केलेलें चित्र फुटतें. चार पावलें पुढें जावें. जें छायाचित्र हललें आहे किंवा जेथें उजेडानें रंग पार धुऊन गेला आहे, तेथें नसलेला तपशील कोणत्याहि मोलाच्या सॉफ्टवेअरनें खरा परत येत नाहीं. आला तर तो अंदाजानें भरलेला असतो. म्हणून नवें सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी आपलीं नापसंत झालेलीं दहा छायाचित्रें पुढें घेऊन बसावें आणि प्रत्येक कां बिघडलें तें कागदावर लिहावें. आम्हीं असें केलें, तेव्हां बहुतेकांपुढें हात, उजेड किंवा भिंग हेच शब्द उमटले.

तर मग अधिक सॉफ्टवेअर कोणास हवें ? ज्यास हातांतील साधनानें होत नाहीं असें एक ठराविक काम नांव घेऊन सांगतां येतें, त्यास. उदाहरणार्थ, जो आपला गूळ, हळद किंवा आमरस स्वतःच्या नांवानें विकूं लागला आहे, त्यास डब्यावरची चिठ्ठी छापावी लागते. चांगल्या छपाईस इंचास ३०० ठिपके धरतात. म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या चित्रास १८०० बाय १२०० ठिपके पुरतात, आणि १२ मेगापिक्सेलच्या साध्या फोनच्या ४००० बाय ३००० ठिपक्यांत तें सहज बसतें. फोनचें मूळ छायाचित्र ह्या कामास पुरें पडतें. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली लहान प्रत पुरी पडेलच असें नाहीं. परंतु चित्रांत थर ठेवून अक्षरें, खूण व फळ निराळें हालविणें फोनवर जिकिरीचें होतें. अशा कामास घरच्या संगणकावर गिम्प घालावें. तें स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनीं बर्कली येथें १९९५ सालीं सुरू केलें, आजहि विनामूल्य आहे, आणि आमच्या पाहण्यांतील चिठ्ठ्यांचें बहुतेक काम त्यांत होतें. दुसरें उदाहरण रोपवाटिकेचें. शेंकडों छायाचित्रें एकाच वेळीं सारखीं करावयाचीं असतील तर एकेक उघडून बसण्यांत दिवस जातो. तेथें डार्कटेबल हें विनामूल्य किंवा लाइटरूम हें वर्गणीचें सॉफ्टवेअर खरोखर वेळ वाचवितें. ज्याच्याजवळ मोठा कॅमेरा आहे व जो छायाचित्रें कच्च्या स्वरूपांत, म्हणजे रॉ फाइलींत काढतो, त्यासहि ह्यांपैकीं एक लागेल. फोटोशॉपचें नांव सर्वांस ठाऊक असतें. टॉमस व जॉन नोल ह्या बंधूंच्या कामांतून तें १९९० सालीं बाजारांत आलें, आणि त्याचें सामर्थ्य मोठें आहे. पण डाळिंबाच्या दहा छायाचित्रांसाठीं तें घेणें म्हणजे परसांतल्या वाफ्यासाठीं ट्रॅक्टर आणणें होय.

वर्गणीविषयीं एक इशारा. पूर्वी असें सॉफ्टवेअर एकदां विकत घेतलें कीं तें आपलें होई. अ‍ॅडोबीनें २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्यास आरंभ केला, आणि ती रीत इतरत्रहि पसरली. वर्गणी थांबली कीं सुधारण्याचें कामहि थांबतें. शेतकऱ्याचें उत्पन्न हंगामाचें आणि हा खर्च बारमाही. माल वर्षांत दोन महिने विकावयाचा आणि भाडें बारा महिने भरावयाचें, हा हिशेब जमाखर्चाच्या वहींत मांडून पाहावा. घ्यावयाचेंच असेल तर ऐन हंगामापुरतें एका महिन्याचें मिळतें काय तें विचारावें, आणि वर्गणी आपोआप पुढें चालू राहण्याची सोय पहिल्याच दिवशीं बंद करावी. शिवाय विनामूल्य साधनहि कायम राहील असें नाहीं; गूगलनें पिकासा हें पुष्कळांच्या सवयीचें साधन २०१६ सालीं बंद केलें. म्हणून छायाचित्रें कोणत्याहि एका साधनाच्या स्वाधीन करूं नयेत.

आमच्या घरीं आतां सालवार आणि गटवार फोल्डर केलेले आहेत. मूळ छायाचित्रें एका निराळ्या डिस्कवर तशींच राहतात, त्यांस कोणीहि हात लावावयाचा नाहीं. सुधारावयाची ती प्रत. जेपेग फाइल बदलून पुन्हां पुन्हां जतन केली तर दरवेळीं तिच्यांतला थोडाथोडा तपशील कमी होतो, म्हणून सुधारणाहि एकाच बैठकींत उरकतों. फोनमध्यें एक साधन, संगणकावर एक. वर्षाच्या वर्गणीचें तें सॉफ्टवेअर मुदत संपल्यावर पुन्हां घेतलें नाहीं. मात्र पुढील सालीं काकवीच्या बाटल्यांवर आमच्या स्वतःच्या चिठ्ठ्या लावण्याचा विचार आहे. त्या वेळीं गिम्पनें भागलें नाहीं तर हा प्रश्न आम्हीच पुन्हां उघडूं.