मन सावरतं, पण किती?

अंग कायमचं लुळं पडलं की माणसाचं सुख संपलं, असं आपण धरूनच चालतो. 1978 साली अमेरिकेतले संशोधक फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी ते थेट विचारून पाहिलं. एकीकडे लॉटरी लागलेले 22 जण, दुसरीकडे अपघातात अंग लुळं पडलेले 29 जण. आपल्या सुखाला शून्य ते पाच गुण द्यायचे होते. लॉटरीवाल्यांची सरासरी 4 आली, अपघातग्रस्तांची 2.96. फरक होताच, पण एवढं घडूनही ही माणसं अर्ध्याच्या वर होती! पुढे किती सुखी असाल, यावर तर दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखे निघाले.

2011चा एक युरोपीय अभ्यास आणखीच थक्क करतो. त्यातले रुग्ण पूर्ण शुद्धीवर होते, पण बोलू शकत नव्हते, हातपाय हलत नव्हते. संवाद चालायचा तो बहुधा डोळ्यांच्या हालचालींवर. स्वतःच्या सुखाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर दिलेल्या 65 जणांपैकी 47 जणांनी स्वतःला सुखी म्हटलं, 18 जणांनी दुःखी.

हे होतं कसं? बाहेरून पाहणाऱ्याला फक्त गमावलेलं दिसतं. ज्याच्यावर वेळ आली, त्याच्या दिवसात मात्र तर्री-पोहे असतात, क्रिकेटचा स्कोअर असतो, घरातली भांडणंही असतात. हळूहळू मन मोजमापच बदलतं आणि जे जमतं त्याला वजन देऊ लागतं.

पण एकट्या मनावर सगळं भागत नाही. नागपूरच्या कांचनमाला पांडे पूर्ण अंध. 2017 साली मेक्सिकोत जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी 200 मीटर मेडली शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं. पूर्ण अंधांच्या या गटात सगळेच काळा गॉगल लावून पोहतात. मग भिंत आली हे कळतं कसं? काठावर ‘टॅपर’ उभा असतो. लांब काठीच्या मऊ टोकानं तो पोहणाऱ्याला अचूक क्षणी टपली मारतो आणि तेवढ्या खुणेवर पोहणारा वळतो. पोहायचं स्वतःच, पण ती टपली नसेल तर डोकं भिंतीवर आदळेल.

ब्रिटनमधल्या 2008च्या अभ्यासानंही सावरण्याची मर्यादा दाखवली. मध्यम अपंगत्वात हरवलेल्या समाधानापैकी साधारण निम्मं भरून येतं, तीव्र अपंगत्वात जेमतेम तिसरा हिस्सा. उरलेली तूट ‘जिद्द हवी’ म्हणून भरत नाही. दुखणं आणि खर्च असतातच. शिवाय पायऱ्या, अरुंद दारं आणि लोकांची कीव रोज त्यात भर घालतात. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, हे 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे.

म्हणून दिव्यांगांच्या जिद्दीचं कौतुक जरूर करा. पण मदतीचा हात देण्याआधी विचारा, ‘बिचारा’ म्हणू नका आणि रॅम्पच्या तोंडाशी स्कूटर लावू नका.